देवाच्या जीपमधला जुना डेक

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि माझ्या जीपला तिसावं. दोघांचेही गुडघे वाजत होते, पण चालणं बंद नव्हतं.

पासलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी चौथी नापास. पण वेल्हे ते पासली वीस वर्षं जीपमध्ये माणसं भरून वडाप केलं, एक माणूस पाडलं नाही. पुढं वडाप बंद केलं, जीप ठेवली. ठेवायचं कारण एकच. चैत्रात आमचा देव बहिणीच्या भेटीला जातो, तो माझ्या जीपमधून जातो.

बहीण म्हणजे भोर रस्त्यावरच्या एका गावातली देवी. वर्षातून एकदा भावानं तिला चोळी-पातळ घेऊन जायचं. माझ्या आज्याच्या वेळी देव डोक्यावरून जायचा, बापाच्या वेळी बैलगाडीतून, आणि बावीस वर्षं झाली, माझ्या जीपमधून. याला मान म्हणतात. मान एकदा दुसऱ्याच्या दारात गेला की परत येत नाही. आमच्या वाडीत तरी आलेला मी बघितला नाही.

या वाटेचा एक नेम आहे. देव गाडीत बसल्यापासून बहिणीच्या देवळात उतरेपर्यंत गाणं थांबता कामा नये. देव मुका जात नाही. जाताना भेटीची ओवी म्हणायची, तिच्यात वाटेवरचं एकेक गाव येतं. येताना निरोपाची. तिच्यात बहीण शिवेवर उभी राहून म्हणते, आता मागं बघू नको. तेवढं म्हटलं की देवाचं तोंड घराकडं. मग पुन्हा बहिणीच्या गावाकडं तोंड करायचं नाही.

या ओव्या म्हणायचा माझा जोडीदार. वरच्या धनगरवाड्यावरचा, माझ्याच वयाचा. आयुष्य शेळ्यामेंढ्यांच्या मागं गेलं, पण आवाज असा की विंझरच्या बाजारात माणसं हातातली पिशवी खाली ठेवायची. आदल्या पावसाळ्यात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला. आवाज गेला. आता बोलतो ते चाकातली हवा सोडल्यागत.

चैत्र जवळ आला तशी देवळात बैठक बसली. माझा चुलत पुतण्या नवी पिकअप घेऊन बसला होता. तिच्यात गाण्याची सोय अशी की मोबाईल खिशात ठेवला तरी गाडी वाजते.

तो म्हणाला, "नाना, तुमच्या जीपला आमी काय बोलत न्हाई. पण यंदा गाणार कोण?"

मी म्हणालो, "गाणं हाय."

ते खरं होतं. आदल्या वर्षी माझी सून मागच्या बाकावर बसली होती आणि दोन्ही वाटा मोबाईल मांडीवर धरून तिनं सगळी ओवी भरून घेतली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती अंगणवाडीत शिकवते, तिला भरून ठेवायची सवय आहे. तिच्या भावानं तिला काड्यापेटीएवढं एक गाणी वाजवायचं यंत्र दिलं होतं, त्यात तिनं दोन्ही ओव्या घातल्या होत्या. पहिली जायची, दुसरी यायची.

पुतण्या म्हणाला, "आन ते तुमच्या जीपवर वाजवणार कसं? कॅसेटचा डेक हाय तुमचा. त्यात आता पाल तरी ऱ्हाती का?"

माणसं हसली. गुरव हसला नाही. तो म्हणाला, "ज्याच्या गाडीवर गाणं सरळ वाजंल, त्याच्या गाडीत देव. ह्यात भांडान नगं."

मी म्हणालो, "माझ्या वाजंल."

कसं वाजेल ते मला ठाऊक नव्हतं.

घरी सुनेनं मोबाईलवरून एक वस्तू मागवली. ती सिगारेट पेटवायच्या भोकात खोचायची, ती गाणं हवेत सोडते आणि डेकच्या रेडिओनं ते पकडायचं. मला पटलं नाही, पण अंगणात लावून बघितलं तर जोडीदाराचा आवाज असा आला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी म्हणालो, झालं काम. दुसऱ्या दिवशी फॅनबेल्ट आणायला कापूरहोळला गेलो. जाताना ओवी लावली. नसरापूरपर्यंत बरी चालली. हायवेला लागलो आणि ओवीतून एक बाई बोलायला लागली. पुण्यात दोन खोल्यांचं घर घ्या म्हणाली. पोहण्याचा तलाव पण आहे म्हणाली. आमच्या डोंगरात रेडिओ पोचत नाही म्हणून तिथं हवा मोकळी होती, इथं पुण्याची माणसं आधीच बसली होती.

देवाला बहिणीच्या वाटेवर घर विकायचं नव्हतं. ती वस्तू काढून ठेवली.

कापूरहोळला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक मिस्त्री आहे. त्याला सगळं सांगितलं.

"नवा डेक टाका, आजोबा. अर्ध्या तासात बसवतो."

"डेक बदलायचा न्हाई."

"का?"

"हाच ऱ्हाणार म्हणून सांगितलंय."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फळीवरचा खोका खाली काढला. त्यात जुन्या गाड्यांचं काय काय होतं. तळातून त्यानं एक कॅसेट काढली. दिसायला कॅसेट, पण आत पट्टी नाही, आणि एका कोपऱ्यातून काळी वायर लोंबतेय. ती डेकमध्ये घालायची आणि वायरचं टोक सुनेच्या यंत्रात. डेकला वाटतं कॅसेट लागली. अशी ती खोटी कॅसेट.

लावली. दोन सेकंद ओवी वाजली. खट्ट. डेकनं बाजू पालटली. मुकं. खट्ट. पुन्हा दोन सेकंद ओवी. खट्ट.

मिस्त्री म्हणाला, "तुमचा डेक आपणहून बाजू बदलणारा हाय. ह्याला वाटतंय पट्टी संपली. जमायचं न्हाई, आजोबा."

मी ती घरी आणली. दोन दिवस ओट्यावर बसून बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी बारके स्क्रू काढून उघडली. आत दोन दातेरी चाकं होती. डेक एकच फिरवत होता आणि दुसरं जागचं हलत नव्हतं. दुसरं फिरत नाही म्हणजे पट्टी संपली, असा त्याचा समज. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचं बारीक रबरी कडं कापलं आणि दोन्ही चाकांवरून चढवलं. आता एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागत होतं. झाकण लावलं, डेकमध्ये सरकवली, तासभर वाजवली. खट्ट झालं नाही. यंत्राचा आवाज पुरा ठेवायचा आणि डेकचा अर्धा, नाहीतर नुसता भाजी फोडणीला टाकल्यागत आवाज येतो, हेही माझं मीच शोधलं.

सून यंत्र हातात घेऊन म्हणाली, "मामा, बटनं दाखवते. मधलं दाबलं की थांबतं. हे उजवीकडचं—"

मी म्हणालो, "ट्रॅक्टर चालवलाय, जीप चालवली, इरिगेशनचं इंजिन चालवलं. पाच बटनांचं काय सांगतीस?"

तिनं यंत्र माझ्या हातात दिलं आणि भाकरी थापायला गेली.

देव जीपमध्ये बसला तो दिवस उन्हाचा होता. मधल्या सीटवर गुरव, त्याच्या मांडीवर मुखवट्याची पेटी, देवाचं तोंड पुढं. पेटीशेजारी चोळी-पातळ. माझ्या शेजारी जोडीदार, नवं मुंडासं बांधून. सून मागच्या बाकावर. आणि आमच्या मागं पुतण्याची पिकअप, बाकीची माणसं घेऊन. मी बटन दाबलं आणि ओवी सुरू झाली. गुरवानं मान हलवली. मी आरशात पुतण्याकडं बघितलं. त्याला दिसलं का नाही ठाऊक नाही, पण मी बघितलं.

जोडीदार स्वतःचं गाणं ऐकत बसला होता, परीक्षा घेणाऱ्या मास्तरागत. वेल्ह्याच्या अलीकडं कुजबुजला, "हितं म्या चुकलो."

"कुठं?"

"तुला न्हाई कळायचं."

एक गोष्ट आमच्या आधी ध्यानात आली नव्हती. सुनेनं ओवी धावत्या जीपमध्ये भरली होती, त्यामुळं ओवीत जीपही भरली गेली होती. गियर पडल्याचा आवाज यायचा आणि माझा हात आपोआप गियरवर जायचा. एकदा हॉर्न वाजला तशी मी गाडी बाजूला घेतली. मागं नुसती पिकअप होती, तीही लांब. तो माझाच आदल्या वर्षीचा हॉर्न होता.

आणि आदल्या वर्षी विंझरच्या पुढं एक एसटी बंद पडलेली, तिच्यामागं आम्ही बराच वेळ अडकलो होतो. यंदा रस्ता मोकळा. म्हणजे देव मार्गासनीत आणि ओवी अजून विंझरमध्ये. गुरव म्हणाला, "सावकाश घ्या, गाणं मागं ऱ्हायलंय." मी सावकाश घेतलं. सायकलवाले पुढं गेले. आंबवण्याला एका म्हातारीनं हात जोडले, जीप इतकी हळू होती की तिला चार वेळा जोडता आले. तरी कापूरहोळला पोचलो तेव्हा ओवी नसरापूरच्या अलीकडंच होती.

भोर रस्त्याला वळायच्या आधी कडेला थांबलो. मागून पिकअप थांबली. पुतण्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "बंद पडली का, नाना?"

ते मला लागलं. मी म्हटलं, गाण्यालाच एक गाव पुढं ढकलावं. उजवीकडचं बटन, पुढं जायचं. मी एकदा दाबलं. एकदा म्हणजे एक गाव, असा माझा हिशेब.

ओवी क्षणभर थांबली आणि पुन्हा लागली. सूर वेगळा होता. बहीण शिवेवर उभी होती.

गुरव ओरडला, "अरे हे निरोपाचं! बंद करा!" आणि लगेच, "बंद करू नगा! देव मुका ऱ्हाईल!"

"मग करू काय?"

"काय बी करू नगा!"

मागून सून म्हणाली, "मामा, डावीकडचं—"

"कुणी हात लावू नगा!" गुरवानं पेटी छातीशी धरली.

आम्ही चौघं कापूरहोळच्या फाट्यावर, ट्रकांच्या धुरात, बसून निरोप ऐकला. थांबवता येत नव्हता. बहिणीनं ओवाळलं. भावाच्या डोळ्याला पदर लावला. जोडीदार आदल्या वर्षी त्या जागी फार चांगला गायला होता, आणि मग त्यानं म्हटलं, आता मागं बघू नको.

गुरवानं सुस्कारा टाकला. "झालं. निरोप झाला."

पुतण्या आणि पिकअपमधली माणसं येऊन खिडक्यांना भिडली. भेट व्हायच्या आधी निरोप झालाय म्हटल्यावर एकजण म्हणाला, देव माघारी न्या. एकजण म्हणाला, चोळी-पातळ नुसतंच पाठवा. पुतण्या म्हणाला, "पेटी माझ्या गाडीत द्या, म्या नेतो." गुरव म्हणाला, "तुझी गाडी काय वेगळ्या दिशेला तोंड करून चालती का? देवाचं तोंड आता घराकडंच पाहिजे. तिकडं बाया ताटं घेऊन उभ्या असतील रं." मी स्टेअरिंग धरून बसलो होतो. बावीस वर्षांचा मान गेला हे मला कळत होतं, आणि देवाची भेटही जात होती, ती माझ्या बोटानं.

जोडीदार माझ्या कानाला लागला. मी ऐकलं आणि मोठ्यानं सांगितलं. "हा म्हणतोय, देवाचं तोंड घराकडं पाहिजे ना? मग पेटी फिरवा. जीप जाऊ द्या पुढं."

गुरवानं जोडीदाराकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, मग पेटी उलटी केली. देवाचं तोंड मागच्या काचेकडं झालं. घर तिकडंच होतं. कुणाला काही चुकीचं सापडेना.

गाणं बदलताना देव मुका राहू नये म्हणून गुरवानं स्वतः देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, सगळ्यांनी ते पुढं ओढलं, आणि तेवढ्यात सुनेनं हात पुढं घालून डावीकडचं बटन दाबलं. भेटीची ओवी पहिल्यापासून लागली. आम्ही भोरच्या रस्त्याला लागलो आणि ओवी आमच्या वाडीतून निघाली.

पेटी उलटी, त्यामुळं देव मागच्या काचेतून थेट पुतण्याच्या पिकअपकडं बघत होता. पुतण्याला तंबाखूची सवय. त्या सगळ्या वाटेत त्यानं एकदाही तोंडात बार धरला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर. इतकी नीट गाडी तो त्याआधी चालवत नव्हता.

बहिणीच्या गावात देव पाठमोरा उतरला. ताट धरलेल्या बाया थबकल्या. त्यांच्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "अगं बया, भाऊ रुसून आला!"

आमच्यापैकी कुणी नाही म्हटलं नाही.

मग त्यांनी रुसवा काढला. दोनदा ओवाळलं, पुरणाचा नैवेद्य आधी भावाला, दुधाची वाटी वेगळी, आणि शेवटी त्या वयस्क बाईनं बहिणीचाच मुखवटा उचलून भावाच्या पुढ्यात आणून ठेवला. देवाला वळावं लागलं नाही. आमचं जेवणही दरवर्षीपेक्षा चांगलं झालं. येताना निरोप पुन्हा वाजवायचा का यावर वाद झाला. मग अर्धा झालाय म्हणून उरलेला अर्धा वाजवला.

दिवस मावळायच्या आत वाडीत आलो. देव जागेवर बसला आणि देवळात माणसं टेकली. गुरव म्हणाला, "भेट झाली, गोड झाली. पण कापूरहोळात ते झालं कसं?"

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

पुतण्या म्हणाला, "नानांच्या डेकचा दोष न्हाई. डेक सरळ वाजला. ते म्या बी मान्य करतो."

"मग?"

"भरतानाच उलटंपालटं भरलं असंल. अंगणवाडीतल्या पोरांची गाणी भरायची सवय तिला, देवाचं काय कळतंय."

गुरव म्हणाला, "व्हय. तसंच असंल. गाडी पुढच्या साली नानांचीच. पण गाणं दुसऱ्या कुणीतरी भरायचं. सुनबाईनं न्हाई."

सून खांबाशी रिकामं ताट घेऊन उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. जोडीदार बघत होता. त्यानं तोंड उघडलं, पण एवढ्या माणसांत त्याचं कुणाला ऐकू जाणार नव्हतं, आणि त्यालाही ते माहीत होतं. त्यानं तोंड मिटलं. त्याचा आवाजच उरला नाही तर दुसरा कुणी काय भरणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी ध्यानात आणूनही दिलं नाही. मान राहिला होता. मी टोपी घातली आणि घरी आलो.

सुनेनं वाढलं. भात, आमटी, लोणचं. ती बोलली असती तर मी भांडलो असतो, भांडणात मी कधी हरत नाही. आमटीत मीठ बरोबर होतं. तेही जास्त असतं तर बरं झालं असतं.

सकाळी उठलो. गुरव देवळात झाडत होता, पुतण्या पारावर बसून दात घासत होता, आणखी दोघंतिघं होते. मी उभ्यानंच सांगितलं.

"गाणं नीट भरलंवतं. बटन म्या दाबलं. ती सांगत हुती, म्या ऐकलं न्हाई."

गुरवानं खराटा थांबवला. "नाना, कालच बोलायचं."

"काल बोललो न्हाई."

त्यानं खराट्याच्या काड्या नीट केल्या. मग म्हणाला, "सुनबाईला आमी जे बोललो ते माघारी. पण देवाच्या वाटेवर दडवून ठेवलं म्हटल्यावर... पुढच्या साली देव पिकअपमधनं."

"बरं," मी म्हणालो.

पुतण्यानं चूळ भरली. त्याला हसता आलं असतं. तो म्हणाला, "नाना, पुढं तुमीच बसा माझ्या शेजारी. वाट तुमाला ठावं."

"बगू," मी म्हणालो.

घरी आलो. सून अंगणवाडीला निघाली होती, दारातच गाठ पडली.

"सांगून आलो," मी म्हणालो.

"काय?"

"बटन म्या दाबलं म्हणून."

तिनं चप्पल घातली, पिशवी खांद्याला लावली. "मला ठावं हुतं, मामा. मी मागंच बसलेवते." मग आत वळून म्हणाली, "चुलीपाशी च्या झाकून ठेवलाय. गरम करून घ्या, गारच ढोसू नगा."

मी गरम करून घेतला, कोयता घेतला आणि भाताच्या वाफ्यात जाळायच्या राबासाठी पाला तोडायला वर गेलो.